काळीतला घुमट

आमच्या गावात माणसं पांढरीवर राहायची आणि काळीवर जगायची. पांढरी म्हणजे गावठाणाची माती. पडक्या भिंती, चुलीतली राख, गोठ्यातलं शेण आणि नावं विसरलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिसळून ती झालेली होती. फिकट, भुसभुशीत, काही न पिकवणारी. काळी म्हणजे शेत. काळीवर घर बांधायचं नाही हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नसे. काळी उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते आणि तिच्यावर ठेवलेली वस्तू आपल्या मर्जीनं हलवते. शेतात फार तर कडब्याची कोप घालावी. भिंत म्हणून घालू नये.

मेल्यावर कुठं जायचं हेही मातीच ठरवी. मराठ्यांची माणसं ओढ्याकाठी जळायची आणि पहिल्या पुरात वाहून सीना नदीला मिळायची. मुसलमानांचं कब्रस्तान माळावर, मुरमात होतं; तिथं खणताना पहारीतून ठिणग्या उडायच्या, पण एकदा खणलेली कबर जागची हलत नसे. ज्यांना गावानं कधी जमीनच दिली नव्हती त्यांच्या वाट्याला बरडाची एक पट्टी होती, जिवंतपणी आणि नंतरही. आम्ही लिंगायत. आमची माणसं आमच्याच शेतात बसायची. बसायची हे अक्षरशः. मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, भोवती विभूती आणि मीठ भरून त्यांना काळीच्या पोटात बसवत, आणि वर एखादा दगड ठेवत. पुढं नांगरणारा त्या दगडाला वळसा घाली. एवढंच स्मारक असे, आणि ते पुरत असे.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात भारताचा नकाशा होता, मातीच्या प्रकारांप्रमाणे रंगवलेला. आमचा सबंध जिल्हा काळ्या रंगात बुडाला होता. पुढच्या तासाला तेच गुरुजी नागरिकशास्त्र घेत. त्या पुस्तकात निरनिराळ्या टोप्या आणि पागोटी घातलेली माणसं एकमेकांचे हात धरून हसत उभी होती. दोन्ही चित्रांतल्या सीमारेषा फार सुबक होत्या. खिडकीतून बाहेर पाहिलं की मात्र काळी, मुरूम आणि चुनखडी एकाच बांधात एकमेकींत शिरलेली दिसत. ज्येष्ठातल्या अमावास्येला कुंभार गाळाची माती आणून द्यायचा आणि घरोघरी तिचे बैल व्हायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, त्याला कन्नडमध्ये ‘मण्णेत्तिन अमावास्या’ म्हणायची, शेजारची मराठ्यांची काकू नुसती ‘मातीचे बैल’ म्हणायची, आणि बैल मात्र दोघींचेही सारखेच लंगडे असत. मोहरमच्या विस्तवाचा खड्डा आमचाच सालगडी खणून द्यायचा. हात कुणी कुणाचे धरत नव्हतं. सगळ्यांचे हात मातीनं भरलेले असत, हे खरं कारण असावं.

आमचं घर दोन भाषांचं होतं. ओसरीवर मराठी आणि स्वयंपाकघरात कन्नड. उंबरा ओलांडला की भाषा बदलायची, आणि माणसाची किंमतही. ओसरी दोड्डप्पांची होती. दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पांढरा रुमाल, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, उन्हाळ्यातही कोट. त्यांना सभेत अध्यक्ष व्हायला आवडे, आणि सभा नसली तर ते घरातच अध्यक्ष होत. त्यांनी पाणी मागितलं तरी प्रस्ताव मांडल्यासारखं वाटे. माझे अप्पा त्यांच्या पाठीमागे उभं राहून आयुष्य काढलेले. अप्पांचा आवाज कसा होता हे मला आज आठवून पाहावं लागतं. खोकला मात्र लगेच आठवतो. स्वयंपाकघर अव्वाचं होतं. पहाटेपासून परातीत भाकरी थापल्याचा आवाज, मग उखळात शेंगांची चटणी कुटल्याचा, मग ताक घुसळल्याचा. उरलेल्या भाकरी कडक करून ती दुरडीत रचायची. दुष्काळात त्या दुरडीचा तळ दिसला आणि घराला पहिल्यांदा कळलं की आपण श्रीमंत नाही.

तो मोठा दुष्काळ. त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी एकच गोष्ट सांगते. त्या वर्षी काळी इतकी फाटली होती की भेगेत काठी घातली तर हातभर काठी आत जाऊन तिला तळ लागत नसे. आमच्या एका शेळीच्या पिलाचा पाय असा अडकला की पहारीनं माती फोडून काढावा लागला. त्याच उन्हाळ्यात अज्जा गेला. माझा आजोबा. गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा, तंबाखू सोडून कशाचीच आसक्ती नसलेला. शेवटच्या आठवड्यात मी त्याच्या उशाशी बसलेली असताना तो म्हणाला, “माझ्यावर एक दगड ठेवा. नांगर लागू ने म्हणून. बास.”

दोड्डप्पांनी हे ऐकलं होतं. पण इतकी साधी इच्छा पूर्ण करण्यात मुलाचं नाव होत नाही. त्यांनी अज्जावर घुमट बांधायचं ठरवलं. चार कमानी, वर घुमट, घुमटावर कळस. गवंडी इस्माईलचाचा माळावरच्या वस्तीतला. गावातली निम्मी घरं आणि दोन्ही देवळं त्याच्या हातची. तो काठीनं भेग चाचपून म्हणाला, “मालक, ये काली मिट्टी हाय. नीचे मुरूम तलक जाना पड़ता. नै तो ऊपर कुछ बी रखो, नाचता.”

“मुरमापत्तर खणायचं म्हंजे अज्जाच्या आसनाच्या बी खाली,” दोड्डप्पा म्हणाले. “वडलाच्या खाली पाया घालायचा? पाप लागंल.”

इस्माईलचाचा “हौ, मालक” म्हणाला. मुद्दा धर्माचा झाला होता, आणि दुसऱ्याच्या धर्मात गवंड्यानं वाद घालायचा नसतो. खरं म्हणजे त्याला काही वेगळं माहीत होतं असंही नाही. बांधकाम बघायला जमलेला प्रत्येक शेतकरी हे जाणत होता. स्वतःचा गोठासुद्धा काळीवर न बांधणारी ही माणसं घुमटाकडे बघून माना डोलवत होती. घर म्हटलं की त्यांना माती दिसायची. देवाधर्माचं म्हटलं की दिसेनाशी व्हायची. हे मी पुढं आयुष्यात पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ शिकलेल्या माणसांत पाहिलं, पण पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शेतात.

पावसाच्या तोंडावर कळस चढला. मठातले स्वामी आले, त्यांची पाद्यपूजा झाली, वाजंत्री आली, तालुक्याचे कुणी कुणी आले. पाहुण्यांना बसायला उंचवटा हवा म्हणून घुमटाच्या उत्तरेला माती खणून व्यासपीठ केलं होतं. त्यावर दोड्डप्पा एवढा वेळ बोलले की स्वामींना डुलकी लागली. दुष्काळात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजली म्हणून लोक लांबून आले होते, त्यांनी भाषण भुकेनं ऐकलं. कार्यक्रम झाल्यावर व्यासपीठ विस्कटलं. माती ज्यातून काढली तो खड्डा मात्र कुणी बुजवला नाही. मोठ्या समारंभाचा खड्डा सहसा मागंच राहतो.

माझ्या मॅट्रिकचा निकाल लागला आणि पाऊसही लागला. मी पास झाले होते. गुरुजी स्वतः ओसरीवर येऊन म्हणाले होते, “पोरीला सोलापूरला पाठवा. मुलींचं बोर्डिंग हाय. शिक्षिका होईल.” दोड्डप्पांनी त्यांना चहा दिला आणि “बघू” म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ हा शब्द दाराच्या कडीसारखा होता. आतून लागायचा.

काळीचा पावसाळा ज्यानं पाहिला नाही त्याला तुरुंग म्हणजे काय हे पुस्तकातूनच कळणार. डांबरी सडक आमच्या गावापासून तासाभराच्या चालीवर, पण मधली सगळी काळी. पहिल्या झडीनंतर पायाखाली लोणी होतं, मग डिंक. पाऊल टाकलं की चिखल चिकटतो, त्याच्यावर दुसरा चिकटतो, आणि थोड्याच वेळात माणूस दोन्ही पायांत एक एक शेत घेऊन चालू लागतो. बैलगाडी आखापर्यंत रुतते. एस.टी. सडकेवरूनच निघून जायची; वारा इकडचा असला की तिचा हॉर्न स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मी भाकरी थापता थापता तो ऐकायची. दुष्काळानंतर देवानं दिलेला पाऊस, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला तोंड नव्हतं. सगळं गाव आनंदात होतं आणि मी त्या आनंदात घोट्यापर्यंत रुतले होते. कॉलेजची भरती केव्हाच होऊन गेली. ओलं जळण, धूर, दोरीवर न वाळणारी लुगडी, आणि ओसरीवरून दोड्डप्पांचा आवाज: “पाऊस उघडू दे, मग बघू.”

श्रावणात पाऊस उघडला आणि बातमी आली की घुमट कलला. आम्ही सगळे बघायला गेलो. दक्षिणेच्या अंगाला तो स्पष्ट झुकला होता. ऐकू कमी येणारा म्हातारा कान पुढं करतो तसा. कारण तिथंच पसरलेलं होतं. उत्तरेच्या खड्ड्यात पावसाळाभर पाणी साचून होतं. ते भेगांतून खाली मुरलं, तिकडची माती फुगली आणि तिनं घुमटाची ती बाजू उचलली. मी हे अप्पांना सांगितलं. अप्पा खोकले.

दोड्डप्पा दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं.

“अज्जा झुकलाय,” ते म्हणाले. “कुणीकडं झुकलाय? दक्षिणेकडं. दक्षिणेला काय हाय?”

“यमाची दिशा हाय ती,” कोपऱ्यातून एक म्हातारा बोलला. दोड्डप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तंबाखू शोधू लागला.

“दक्षिणेला इरण्णाचं गाव हाय. अज्जानं कौल दिला.”

इरण्णा म्हणजे माझा मामा, अव्वाचा धाकटा भाऊ. आमच्याकडे मामाशी लग्न ही नवलाची गोष्ट नव्हती; बाहेरची सून शोधण्यापेक्षा घरातलीच भाची बरी, असा व्यवहार होता. मामाचं भीमेच्या बाजूला तेलाच्या घाण्याचं दुकान होतं. माझ्याहून बराच मोठा, हसरा, अंगाला कायम करडईच्या तेलाचा वास. लहानपणी त्यानं मला खांद्यावर बसवून अक्कलकोटची जत्रा दाखवली होती. माझ्या मनात त्याच्याबद्दल वाईट काही नव्हतं, आणि हीच पंचाईत होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. दोड्डप्पांना नाही म्हणणं अवघड होतं, पण निदान कल्पना करता यायची. जमिनीखाली मांडी घालून बसलेल्या अज्जाला नाही कसं म्हणायचं? घुमटाला तोंड नव्हतं, म्हणून त्याच्या वतीनं बोलणाऱ्याला उत्तर नव्हतं.

येळवसेला, शेतातच, अज्जाच्या साक्षीनं सुपारी फोडायचं ठरलं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्या भागात सगळं गाव शेतात जेवतं. तोवर घुमटापाशी रोज दिवा लावायचं आणि पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. होणाऱ्या नवरीनं सेवा करावी म्हणून. घराबाहेर पडायची तेवढीच वाट होती, आणि ती घुमटापर्यंतच जात होती.

हिवाळा लागला, वरची माती वाळली, पुन्हा भेगा पडू लागल्या. एके दिवशी तांब्यातलं पाणी दक्षिणेच्या पायाशी ओतलं आणि ते एका भेगेनं घटाघटा पिऊन टाकलं. मी दुसरा तांब्या ओतला. तोही गेला. जवळच विहीर होती. त्या वर्षी तिला पाणी होतं. मी उभी राहून विचार केला की उत्तरेच्या पाण्यानं अज्जाला दक्षिणेला वाकवलं असेल, तर दक्षिणेच्या पाण्यानं तो परत फिरायला काय हरकत आहे? भूगोलाच्या पुस्तकाचा असा उपयोग गुरुजींना अपेक्षित नसावा.

तेव्हापासून मी रोज घागर भरून नेऊ लागले. भक्ती वाढली म्हणून घरात समाधान पसरलं. दोड्डप्पा पाहुण्यांना सांगत, “आमची नीलव्वा घागरीनं अभिषेक करती.” एका संध्याकाळी मी परतले तेव्हा अव्वा चुलीपुढं बसली होती. तिनं माझ्या लुगड्याच्या ओल्या काठाकडे पाहिलं, त्याला लागलेल्या काळ्या चिखलाकडे पाहिलं. मग उठून उतरंडीतून तांब्याची मोठी घागर काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

“ही घेत जा,” म्हणाली. “ती लई बारकी हाय.”

एवढंच बोलून ती भाकरी उलटायला वळली. इरण्णा तिचा सख्खा भाऊ. ती लेकीला त्याच्याच घरी देणार म्हणून सगळ्या गावात तिचा हेवा होत होता. मला त्या घागरीचा अर्थ तेव्हा लागला नाही. अर्थ लावायचं काम ओसरीवर होत असे.

येळवसेला पहाटेपासून घर दरवळत होतं. मोठ्या मातीच्या घागरीत आंबील, सगळ्या भाज्या आणि कोवळे दाणे घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या भाकरी, गव्हाची खीर. शेतात शाळू कमरेइतका उभा. कडब्याची कोप घातली, तिच्यात पाच दगड मांडून चुन्यानं रंगवले, ते पांडव. इस्माईलचाचाचं घरही जेवायला आलं होतं, दर वर्षी येत असे. मामा त्याच्या गावाहून दोन गाड्या भरून माणसं घेऊन आला. नवा सदरा, तेल लावून बसवलेले केस.

आणि घुमट सरळ उभा होता.

थोडा उत्तरेकडेच गेला होता, पण बघणाऱ्याला सरळ वाटावा असा. मी वाट पाहू लागले. आता कौल फिरला, आता कुणीतरी म्हणेल. लोक जमले, बोटं दाखवू लागले. दोड्डप्पा पुढं आले. त्यांनी घुमटाकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि व्यासपीठ नसतानाही व्यासपीठावरचा आवाज काढला.

“अज्जा उभा राहिला! नातीच्या लग्नाला आशीर्वाद द्यायला अज्जा उभा राहिला!”

बायकांनी हात जोडले. कुणीतरी हलगी वाजवली. त्या क्षणी मला जे कळलं ते मी पुढं कितीतरी वर्षं वर्गात शिकवू शकले नाही. खूण कुठल्याही बाजूला वाकवली तरी वाचणारा तोच असतो. मी सगळी विहीर उपसून घुमट आडवा पाडला असता तरी अज्जानं मला साष्टांग दंडवत घालून आशीर्वाद दिला असता. मोठी घागर, ओले काठ, सगळं मीच माझ्या लग्नाच्या कामी वाहिलं होतं.

जेवणाआधी आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची असते. घरचा पुरुष पुढं, बाकी मागं, मोठ्यानं ओरडत. त्या दिवशी तो मान मामाला दिला. जोडे काढून, हातात आंबिलीचं गाडगं घेऊन तो निघाला, आणि घुमटाच्या दक्षिणेला वळताना त्याचा उजवा पाय घोट्याच्या वर आत गेला. ऐन हिवाळ्यात, सगळं रान कोरडं असताना. माणसं ओरडत पुढं गेली. मामानं पाय ओढून काढला. काळा बूट घातल्यासारखा दिसत होता. तो खाली बघत राहिला, मग उत्तरेच्या बाजूला जाऊन तिथल्या कोरड्या भेगा पाहून आला. मी कोपीच्या मागं पत्रावळी धूत होते, तिथं आला.

“नीलव्वा, ह्या दिसांत हितं चिखल कुटनं आला गं?”

“पूजेचं पाणी, मामा.”

“पूजा तांब्यानं करत्यात. ही हिरीनं केलेली दिसती.” तो खाली बसला. “मी तराजू धरणारा माणूस हाय. कुणी कुटलं पारडं उचललं ते मला कळतंय. माझ्यात काय वाईट हाय?”

“काय न्हाय,” मी म्हणाले, आणि रडू कोसळलं. “काय बी वाईट न्हाय. तुमी मामा हाव. मला मामाच पायजे. आन मला सोलापूरला शिकाय जायचंय.”

“मग आदी बोलायचं की. येवढं पाणी वाहण्यापरीस—”

“कुणाला बोलू? मला इचारलं कुणी?”

तो पायावरचा चिखल काडीनं खरवडू लागला. काळी सुकू लागली की कातडीसकट निघते. “मला बी कुणी इचारलं न्हाय,” तो म्हणाला, आणि उठला.

सुपारी ताटात ठेवली होती. दोड्डप्पांनी बोलायला घसा साफ केला, तेव्हा मामा मध्येच म्हणाला, “अण्णा, एक शंका हाय. श्रावणात अज्जा माझ्या गावाकडं वाकला, त्यो कौल व्हता न्हवं?”

“व्हय की.”

“मग आता त्यो मागं सरला. म्हंजे कौल मागं घेतला.”

“अरे, उभा राहिला! आशीर्वादाला!”

“आशीर्वाद द्यायला माणूस खाली वाकतंय, अण्णा. उठतंय ते जायला, न्हाय तर न्हाय म्हणायला.”

इस्माईलचाचा खाली मान घालून उंडा कुस्करत होता. त्याचे खांदे हलत होते. दोड्डप्पांना उत्तर सुचलं नाही, कारण उत्तर द्यायचं तर अज्जा काही बोललाच नाही असं म्हणावं लागलं असतं. ज्यांना उत्तर सुचत नाही त्यांना राग सुचतो. “माझ्या दारात येऊन माझ्या पोरीला नाकारतोस? तेलाच्या घाण्याचा बैल तू!” मग मामाकडचे बोलले, मग आमच्याकडचे. मामानं ताटातली सुपारी उचलली, पांडवांपुढं ठेवली, अव्वाकडे एकदा पाहिलं आणि गाड्या जुंपायला सांगितल्या. भज्जी तशीच राहिली. एक पाय काळा आणि एक पाय गोरा, असा मामा बांधावरून जाताना दिसला. “त्याचं तोंड पुन्ना ह्या घरात दिसता कामा न्हाय,” दोड्डप्पा म्हणाले. ठराव बिनविरोध मंजूर झाला.

पुढच्या जूनमध्ये मी सोलापूरला गेले. माझ्या हुशारीचा त्यात काही वाटा नव्हता. नाकारलेल्या मुलीला लवकर स्थळ येत नाही आणि ती ओसरीवरून येता-जाता दिसलेली दोड्डप्पांना सोसत नव्हती, म्हणून कडी निघाली. बोर्डिंगच्या पाठीमागं तेलुगू विणकरांची वस्ती होती. दिवसभर मागांचा खटखट आवाज यायचा, आणि मला तो एस.टी.च्या हॉर्नपेक्षा गोड वाटायचा. मी शिक्षिका झाले, भूगोल शिकवला, मातीच्या नकाशात पोरांकडून काळा रंग भरून घेतला. सुटका कशी झाली असं कुणी विचारलं तर मी ‘मामामुळे’ म्हणते. ते खरं आहे, पण निम्मं.

आमच्या भागात नागपंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. लेकी-सुना झोके घेतात, तंबिटाचे लाडू खातात, मग परततात. अव्वाला वर्षातून घराबाहेर पडायला मिळायचं ते तेवढंच. त्या येळवसेनंतर इरण्णामामा पंचमीला आला नाही. त्याला येऊ दिलं नाही. मी सुट्टीत घरी असले की पाहायची, पंचमीच्या सकाळी अव्वा अंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून स्वयंपाकघरात बसायची. बाहेर गाड्यांच्या घुंगरांचा आवाज आला की तिचे परातीवरचे हात थांबायचे. आवाज पुढं निघून गेला की पुन्हा सुरू व्हायचे. मी एकदा म्हटलं, “अव्वा, माझ्यामुळं.” ती म्हणाली, “होगली, बिडु.” जाऊ दे, सोड. दोड्डप्पा गेल्यावर बंदी उठली, पण तोवर मामाही राहिला नव्हता.

घुमटाचं म्हणाल, तर तो आणखी दोन पावसाळे नाचला आणि मग मधोमध दुभंगला. कळस कुणीतरी नेला, दगड बांधाला लागले. एक दगड तेवढा जागेवर राहिला. शेवटी अज्जाचंच खरं झालं. आता आमच्या घरानं सडकेकडेची मुरमाड पट्टी राखून ठेवली आहे. तिथं सगळी माणसं ओळीनं, सिमेंटच्या चौथऱ्यांत, फरशीवर नाव कोरून. काही हलत नाही. दोड्डप्पा तिथं पहिल्या रांगेत, अध्यक्षस्थानी आहेत.

अव्वा खूप जगली. अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्याजवळ होते. चुलतभाऊ येऊन सांगून गेला की काकूची जागा दोड्डप्पांच्याच रांगेत धरली आहे. तो गेल्यावर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

“मला तितं नको. अज्जाजवळ, काळीत ठेव.”

“अव्वा, काळीत काय जागेवर राहत न्हाय.”

“म्हणूनच की,” ती म्हणाली. “साऱ्या जल्मात जागची हलले न्हाय मी. तितं वर्साला येवढं येवढं तरी सरकन.” मग डोळे मिटून, हसल्यासारखं करून, “आन तू येशील तवा घागर आण. मोठी. ती बारकी काय कामाची न्हाय.”

आम्ही तिला काळीत बसवलं. त्यासाठी मला ओसरीवर भांडावं लागलं, आणि त्या ओसरीवर मी पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं बोलले. वर एक दगड ठेवला. माझे गुडघे आता गेले आहेत, तरी वर्षातून एकदा पंचमीला रिक्षा करून जाते. सडक आता शेताच्या कडेपर्यंत आली आहे. दर खेपेला दगड जरासा सरकलेला असतो. कुणीकडे सरकला ते मी पाहते, पण गावात कुणाला सांगत नाही. अर्थ लावणारी माणसं अजून आहेत.